मधली पन्हळ

११ जून

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

काल हातगाडीवरून आलेलं सामान असं: पत्र्याची पन्हळ, आठ फुटी, तुकडे दोन, चौतीस रुपये. ती धरायला लोखंडी आकडे सहा, नऊ. डांबराचा लहान डबा, अकरा. रबरी नळी वीस फूट, जुनी पण चिरलेली नाही, सहा. हातगाडीवाला दोन मागत होता, दीड दिले. एकूण साडेएकसष्ट.

यातलं काही तुमच्याकडे मागायचं म्हणून लिहीत नाही. छप्पर दोघांचं आहे, तेव्हा त्यावर काय चढतंय ते दोघांना माहीत असावं, एवढंच. तीन वर्षांत मी तुम्हाला ओळ लिहिली नाही आणि आता लिहिते ती पन्हळीबद्दल. तुम्हाला हसू येईल. आलं तर बरंच आहे.

तुमचा पत्ता माझ्या धाकट्या जावेच्या माहेरून मागवला. त्यांच्यावर रागावू नका, मी फार गळ घातली.

तुम्हाला आपल्या घराची रचना सांगायला नको, तरी सांगते. माणूस लांब गेला की घर डोक्यातून पुसट होत जातं. तुमचं छप्पर आमच्याकडे उतरतं, आमचं तुमच्याकडे, आणि दोन्हींचं पाणी मधल्या पन्हळीत पडतं. पन्हळ आहे ती बरोबर दोघांच्या मधल्या भिंतीच्या डोक्यावर. तिचा उतार मागच्या बाजूला, आणि पाईप खाली उतरतो तो तुमच्या परसात, आणि तिथे जायला तुमच्या घरातूनच वाट. तुम्ही पुढच्या दाराला कुलूप लावून गेलात, तेव्हापासून त्या पाईपाच्या तोंडापाशी कोणी गेलेलं नाही. आमच्या बाजूने कौलांवरून जावं तर कौलं पावलागणिक फुटतात. पाणी पाईपातून जात नाही म्हणून पन्हळ भरते, आणि आमची कड तुमच्यापेक्षा बोटभर खाली असल्यामुळे जे सांडतं ते आमच्या बाजूने भिंतीत उतरतं.

तीन पावसाळे तुमचे दादा पुढच्या बाजूला शिडी लावून डब्याने पन्हळ उपसत आले. यंदा मी पुढच्या टोकाची पत्र्याची पट्टी दोन बोटं कापून घेणार आहे. वरचं पाणी तिथून नव्या पन्हळीत पडेल आणि रस्त्यावर जाईल. पत्रेवाला म्हणाला, "ताई, हे म्हणजे तापावर पाण्याची पट्टी. ताप मागच्या बाजूला आहे."

म्हणून विनंती, किल्ली पाठवा. नाहीतर कुलूप काढायला हरकत नाही असं दोन ओळींत लिहून पाठवा. आम्ही दोघं आत येणार नाही. गवंड्याला पाठवू, तो पाईप मोकळा करील आणि तुमच्या दाराला नवं कुलूप आमच्या खर्चाने लावू.

यांची तब्येत ठीक आहे. जेवण कमी झालंय, पण उन्हाळ्यात ते सगळ्यांचंच होतं. हे पत्र यांना न विचारता लिहिते आहे, तेव्हा उत्तर समोरच्या मास्तरीणबाईंच्या नावावर पाठवा. त्या आणून देतात आणि विचारत काही नाहीत.

तुमची
वहिनी


२० जून

भाऊजी,

कार्ड मिळालं. "दादाने स्वतः लिहिलं तर विचार करू." बाकी सगळं कार्ड कोरं. एवढी कोरी जागा मी तरी टपालात टाकली नसती. धाकटी कशी आहे, तुम्हाला खोकला अजून होतो का, काहीतरी लिहायचं होतं.

यांना लिहायला सांगितलं असतं, पण यांचा चष्मा दुरुस्तीला दिलाय. दुकानदार रोज उद्या म्हणतो.

पाऊस सुरू झाला. परवा दुपारी पहिला जोराचा आला तेव्हा मी पुढच्या शिडीवर होते. घाबरू नका, चौथ्याच पायरीवर होते आणि मास्तरीणबाईंनी शिडी धरली होती. त्या खालून म्हणतात, "तुम्ही देवाचं नाव घेताय की पायऱ्या मोजताय?" मी म्हटलं, "दोन्ही. एक चुकलं तर दुसरं असावं." कापलेल्या पट्टीतून पाणी छान पडत होतं, नव्या पन्हळीतून पार रस्त्यापर्यंत. मी मनात म्हटलं, साडेएकसष्ट वसूल झाले. मग अर्ध्या तासाने पाऊस असा काही वाढला की पट्टीतून जायचं ते जाऊन उरलेलं कडेवरून आत वळायला लागलं. मी डब्याने उपसत राहिले. एक डबा बाहेर टाकावा तोवर वरून दोन पडायचे. रबरी नळी पन्हळीत सोडून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढली, तेव्हा पाणी नळीतून खाली यायला लागलं. ही युक्ती तुमचीच. टाकीचं पाणी तुम्ही असंच काढायचात आणि तोंडात गेलं की अर्धा दिवस थुंकत बसायचात. मीही थुंकले. कुजलेल्या पानांची चव जात नाही.

खाली आले तर मधल्या खोलीची भिंत वरपासून हातभर ओली. ओल जिथवर आली तिथे मी पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर तेच लिहिते. १८ जून, हातभर. १९ जून, हातभर आणि चार बोटं. आज सकाळी दीड हात.

काल गवंड्याला बोलावलं. त्याने मूठ वळून भिंतीवर चार ठिकाणी मारलं. तीन ठिकाणी टणक आवाज आला, चौथ्या ठिकाणी बद्द.

"वहिनीसाहेब, भिंतीला पोट आलंय," तो म्हणाला.

"केवढं?"

"सातव्या महिन्याचं समजा. आतली माती पाणी पिऊन बसलीय. वरचा गिलावा धरून आहे म्हणून दिसत नाही."

"मग आता?"

"पाणी बंद झालं तर वाळेल, निदान उभी राहील. पाणी येतच राहिलं तर दिवस भरतील, आणि मग ती तुमच्या बाजूलाच येणार. तुमची कड खाली आहे ना." मग त्याने खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यांना इथून हलवा."

मी म्हटलं, मग तुम्हीच त्या बाजूने जाऊन पाईप मोकळा करा, कुलूप मी सांगते म्हणून तोडा. तो दोन पावलं मागे सरला. "दुसऱ्याचं कुलूप? मला भिंती बांधायला येतात, गजांआड बसायला नाही येत." मालकाची चिठ्ठी आणा म्हणाला.

म्हणजे सगळं पुन्हा तुमच्यापाशीच येऊन थांबतं.

खाट मी समोरच्या भिंतीला सरकवली आहे. एकटीने सरकवताना वेळ लागतो, कारण आधी यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर वजन एका बाजूला जातं. पण खोली रुंद आठ फूट आणि भिंत उंच दहा. गणित मला येतं.

चिठ्ठी पाठवा. यांचं पत्र मागाहून येईल.

वहिनी


२७ जून

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. खाटेवर माणूस आहे, त्याला कुशीवर वळवावं लागतं, असं मी लिहून बसले आणि वर चष्म्याची गोष्ट सांगितली. तुम्ही काही लहान नाही. तुम्ही ओळखलं असेल, आणि ओळखूनही लिहिलं नसेल तर मला वाईट वाटेल. ओळखलं नसेल तर आता सांगते.

चार मे रोजी सकाळी दाढी करताना यांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, हात, पाय आणि तोंडाची कड. बोलणं जडभारी झालंय. मला कळतं, दुसऱ्याला कळत नाही. दादाने स्वतः लिहावं असं तुम्ही म्हणालात. ज्या हाताने लिहायचं तो हात मी रोज कोमट पाण्याने पुसते आणि उशीवर ठेवते.

तुम्हाला कळवू नको असं यांनी मला दिव्यावर हात ठेवायला लावून सांगितलं. मी हात ठेवला. म्हणजे हे पत्र लिहून मी एक शपथ मोडते आहे. पण ती माझी आहे, तिचं मी बघून घेईन. दुसरी एक आहे, तिची मला भीती वाटते.

पन्हळीवरून भांडण झालं त्या संध्याकाळी यांनी देवापुढे उभं राहून म्हटलं, "त्या उंबऱ्याच्या आत माझ्या घरातलं पाऊल पडलं तर मी मेलो समजा." तुम्हाला हे माहीत नाही, तुम्ही तेव्हा तुमच्या बाजूला सामान बांधत होतात. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो हे मलाही कळतं. मास्तरीणबाई म्हणतात, देवाला तेवढंच काम आहे का? असेल किंवा नसेल. पण यांनी स्वतःचा जीव त्या उंबऱ्यावर ठेवला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी यांना असं झालं. मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं, हे खरं आहे. टाकलं असतं तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? आता भिंत पडली तर हे जातील, आणि भिंत वाचवायला मी आत गेले तर शपथेने जातील. दिवसभर हेच दोन पाट माझ्या डोक्यात फिरत असतात आणि मधे मी दळते आहे.

म्हणून परक्या माणसासाठी तुमची चिठ्ठी मागितली. त्यात कोणाचंच पाऊल नाही.

तुमच्या मनात त्या दिवसाचं काय आहे ते मला माहीत आहे. पाणी आमच्या अंथरुणांवर पडलं, धान्याची कोठी भिजली, हे धावत तुमच्या परसात गेले तर तुम्ही शिडीवर, हात पाईपाच्या तोंडात. त्याच महिन्यात तुम्ही वेगळी चूल मागितली होती. यांनी दोन आणि दोन जोडले आणि ओरडले, "तूच बोळा कोंबलास!" तुम्ही म्हणालात, "दादा, मी काढायला चढलोय, कोंबायला नाही." "मग काढलास तो दाखव." तुमच्या हातात चार पानं होती. पुढे काय बोलणं झालं ते मला नीट माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते.

मधल्या खोलीची ओल काल अडीच हात. गवंड्याने दोन वासे तिरके लावून टेकू दिलाय. गिलाव्यावर वरच्या बाजूला केसासारखी चीर आहे. मी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने टिंब करते. चीर रोज टिंबाच्या पुढे गेलेली असते.

मास्तरीणबाई म्हणतात, यांना आमच्याकडे आणा, पडवी मोकळी आहे. यांनी डोकं हलवून नाही म्हटलं. दुसऱ्याच्या पडवीत हागणं-मुतणं नको, असं यांचं म्हणणं. शब्द असे आले नाहीत, पण अर्थ हाच. चार माणसं आणून उचलून नेता येईल, पण रडणाऱ्या माणसाला त्याच्या घरातून कसं उचलायचं? पाऊस थांबला की मला वाटतं, आजचं निभावलं. पुन्हा सुरू झाला की मी चिरेची टिंबं बघायला उठते. यांचंही तसंच असावं. कौलांवर पहिले थेंब वाजले की यांची नजर त्या चिरेवर जाते, आणि मग माझ्याकडे.

भाऊजी, तुम्ही बारा वर्षांचे होतात तेव्हा मी या घरात आले. आम्हाला देवाने मूल दिलं नाही, त्याची मी कधी तक्रार केली नाही, कारण तुमचे सदरे शिवायला वेळ पुरत नव्हता. त्यातलं काही मनात असेल तर चिठ्ठी पाठवा. नसेल तरी पाठवा.

वहिनी


५ जुलै

भाऊजी,

तुमच्या घराचं कुलूप मी तोडलं. वरवंट्याने. आधी हे सांगते, मग बाकीचं.

तीन तारखेला सकाळपासून संततधार होती. दुपारी दोनच्या सुमाराला ढगच फुटला. पुढच्या पट्टीतून पाणी रस्त्यावर नव्हे, पार पलीकडच्या कुंपणावर आदळत होतं. नळीही चालू होती. मी शिडीवर चढायला निघाले तेवढ्यात आतून आवाज झाला. मधल्या खोलीत चिरेखालचा गिलावा, ताटाएवढा, गळून पडला होता, आणि त्या जागेतून माती पिठल्यासारखी उतरत होती. एक टेकू जागचा सरकला होता. मी हाका मारल्या. मास्तरीणबाई शाळेत होत्या. त्या पावसात समोरच्या माणसाला माझा आवाज गेला नसता.

मी यांच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. दोन वीत सरकले. बाहेरचं दार बारा पावलांवर. पुन्हा ओढलं, माझ्याच कमरेत कळ भरली आणि आम्ही दोघं जमिनीवर. हे डाव्या हाताने मला ढकलत होते, तू जा, तू जा, असं. मी यांना खाटेच्या खाली सरकवलं. तेवढंच जमलं. खाट जाड लाकडाची आहे. मग स्वयंपाकघरातून वरवंटा घेतला आणि उलथणं कमरेला खोचलं. वरवंटा पाहून यांना कळलं मी कुठे निघाले. खाटेखालून यांनी "नको" म्हटलं. या दोन महिन्यांत इतका स्पष्ट शब्द यांच्या तोंडून आला नव्हता.

मी गेले.

उंबऱ्यावर मी थांबले नाही. थांबले असते तर गेले नसते. देवाला म्हटलं, पाऊल माझं आहे, हिशोब माझ्या नावावर लाव, यांच्या नाही. तो तसा लावतो की नाही, मला माहीत नाही.

तुमच्या घरातलं काहीही हलवलं नाही. एक खुर्ची परसात नेली. तुमची शिडी कुजली आहे, पहिलीच पायरी निघाली. खुर्ची धुण्याच्या दगडावर ठेवून चढले. पन्हळीचं तोंड तिथे नरसाळ्यासारखं आहे. ते काठोकाठ भरलेलं, वर पानांचा लगदा, आणि पाईपातून खाली सुतळीएवढी धार. लगदा काढला. हात कोपरापर्यंत आत घातला. तळाशी काहीतरी आडवं, ताठ लागलं. उलथण्याने कडेचं डांबर उचकटलं. उलथणं वाकलं, पण ते सुटलं, आणि पन्हळीतलं सगळं पाणी एकदम पाईपात शिरलं. असा आवाज झाला की मला वाटलं भिंत गेली. मी खुर्चीवरून पडले. घोटा सुजलाय, विशेष काही नाही. तुमच्या खुर्चीचा मात्र एक पाय मोडला, तो सुताराकडून करून घेते.

पडले तिथेच बसून हातात काय आलं ते पाहिलं. माझी चाळणी होती.

आता मागच्या पत्रातलं एक वाक्य खोडते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नव्हते. परसाच्या दारात होते, पिठाचे हात घेऊन. तुम्ही यांना म्हणालात, "दादा, आत जाळीसारखं काहीतरी लागतंय, हात पुढे जात नाही." हे म्हणाले, "पाईपात जाळी कुठून येईल? आकाशातून?" आणि मी ऐकलं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं धाकटीच्या माहेरी आठवडाभर गेला होतात. पत्रेवाला बादल्यांना तळ लावायला आला होता. माझी जुनी चाळणी पडून होती. मला वाटलं, पाईपाच्या तोंडात बसवली तर पानं आत जायची नाहीत, दरवर्षी पाईप साफ करायला माणूस नको. त्याने ती कापून आत हातभर खाली डांबराने पक्की केली. मी विचारलं, निघून यायची नाही ना? तो म्हणाला, "बाई, घर जाईल, ही जायची नाही." मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? पानं पाईपात जात नव्हती, हे खरंच. ती चाळणीवर बसत होती, एकावर एक, आणि वरून माती.

तुम्ही जाळी म्हणालात तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी स्वतःला म्हटलं, चाळणीची भोकं मोठी आहेत, पाणी जातच असणार. मग म्हटलं, आत्ता यांचा राग ऐन भरात आहे, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी यांनी दिव्यापुढे ती शपथ घेतली. त्यानंतर सांगायचं म्हणजे यांना सांगायचं, की यांनी देवापुढे जे म्हटलं ते माझ्या चाळणीपायी. तुम्ही सामान बांधत होतात ते पाच दिवस मी रोज सकाळी ठरवत होते. सहाव्या दिवशी कुलूप लागलं.

तीन वर्षं यांनी शिडीवर उभं राहून त्या पाण्याशी कुस्ती केली आणि तुम्हाला शिव्या दिल्या. शिडी धरून खाली मी उभी असायची.

यांच्यापासून मी आता काही लपवलेलं नाही. पाणी उतरल्यावर मास्तरीणबाई आल्या, दूधवाला आणि टपालवाला आले, आणि यांना पडवीत नेलं. या वेळी यांनी डोकं हलवलं नाही. काल सकाळी चाळणी यांच्यासमोर ठेवली आणि वर लिहिलं तेवढं सगळं सांगितलं. यांनी तिच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तीन वर्षं." आणि डाव्या हाताने चाळणी बाजूला सारली. तेव्हापासून माझ्या हातून पाणी घेत नाहीत. मास्तरीणबाई भरवतात, त्यांच्या हातून दोन घास घेतात. त्या मला म्हणाल्या, "राग आहे म्हणजे अंगात जोर आहे, चांगलं लक्षण." मला हसवायला म्हणाल्या.

यांना परवापासून ताप आहे. भिजले, गारठले, ओल्या जमिनीवर तासभर पडले होते, म्हणून येणारच, असं डॉक्टर म्हणाले. छातीत अजून काही नाही. मी दर दोन तासांनी कपाळाला हात लावून बघते, हे झोपलेले असले तरच. त्या उंबऱ्याचं मी डॉक्टरांना काय सांगू? पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून असते. श्वास दिसतो तिथून.

भिंत उभी आहे. गवंडी आज येऊन गेला. पाणी थांबलं हे चांगलं झालं, पण पोट आत जायचं नाही, म्हणाला. मधल्या खोलीपुरती भिंत दोन्ही बाजूंनी उतरवून नव्याने बांधावी लागेल, आणि तोवर दोन्ही छपरं वाशांवर धरून ठेवावी लागतील. चार दिवस उघडीप राहील असा त्याचा अंदाज आहे. पुढचा मोठा पाऊस यायच्या आत भिंत उतरवली नाही तर ती स्वतः उतरेल आणि छपरं बरोबर घेऊन येईल, तुमचंही. मी म्हटलं, मग उद्याच लागा. तर तो म्हणतो, "भिंतीचे मालक दोन. एकाच्या शब्दावर मी हात लावणार नाही. तिकडचे मालक उद्या येऊन म्हणाले, माझी भिंत कुठाय, तर मी काय खिशातून काढून देऊ?" त्याचं बरोबर आहे.

भिंत उतरली की ती नवी होईपर्यंत, महिना दीड महिना, तुमची मधली खोली आणि आमची मधली खोली मिळून एकच खोली होईल. पडदा लावता येईल. नको असेल तर तसं लिहा, गवंडी तात्पुरता पत्रा उभा करून देईल म्हणतो. यांना त्या महिन्यात पडवीतच ठेवायचं की कसं, ते हे माझ्याशी बोलायला लागल्यावर ठरेल.

तुम्ही यावं असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मी त्या दारात उभी असताना घालवला. आलात तर घरात पाणी तापवायला मी असेन, आणि नको असेल तर नसेन, मास्तरीणबाईंकडे राहीन. पण यायचं असेल तर लवकर या. तापाचं मी लिहिलं ते वाढवून लिहिलेलं नाही.

एवढं मात्र करा. मला जे काही लिहायचं असेल ते लिहा, जितकं कडू असेल तितकं, मी वाचेन. पण ते एका कागदावर लिहा, आणि भिंत उतरवायला संमती आहे की नाही एवढंच दुसऱ्या कागदावर, खाली सही करून. दुसरा कागद मला गवंड्याला दाखवायचा आहे, पहिला नाही. दोन्ही एकाच पाकिटात बसतील, जादा तिकीट लागणार नाही. उलट टपाली कळवा.

वहिनी